मागाहून दिलेलें अजिंक्यपद : अमेरिकन कॉलेजांच्या बास्केट-बॉलचा १९००-०१ चा हंगाम

(१)

अमेरिकेंतील कॉलेजांच्या बास्केट-बॉलचा १९००-०१ ह्या हंगामांतील अजिंक्य संघ कोणता, ह्या एकाच प्रश्नास दोन उत्तरें छापलेलीं आहेत. लॉस अँजेलिस येथील हेल्म्स अ‍ॅथलेटिक फाउंडेशन ह्या संस्थेच्या यादींत येल विद्यापीठाचें नांव आहे. पॅट्रिक प्रेमो व फिल पोरेट्टा ह्या दोघां संशोधकांनीं लाविलेल्या क्रमांत पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील बकनेल विद्यापीठ पहिलें आहे. पहिला निवाडा १९५७ सालचा. दुसरा २००९ सालीं ईएसपीएनच्या कॉलेज-बास्केट-बॉल-कोशांत छापून आला. हंगाम तर १९०१ च्या मार्च महिन्यांतच संपला होता. म्हणजे एक निवाडा ५६ वर्षांनीं व दुसरा १०८ वर्षांनीं पुढें आला, आणि दोहोंचा मेळ नाहीं.

चेंडूच्या खेळाची ही गोष्ट. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस तिचें काय, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु येथें खरा वाद प्रमाणाचा आहे. ज्या काळीं जें पद कोणीं दिलें नाहीं, तें पुढील पिढींतील मनुष्य मागील तारखेनें देऊं शकतो काय? आणि त्यानें दिलेंच तर तें इतिहासाच्या कोणत्या रकान्यांत मांडावें? जुनीं दप्तरें सोडून त्यांतील कागदांवर टिपणें चिकटविणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कधीं ना कधीं उभा राहतो. बास्केट-बॉलच्या बाबतींत तो विशेष स्वच्छ दिसतो. कारण खेळाचा जन्म, त्याचे नियम, सामन्यांचे निकाल आणि मागाहूनचे निवाडे ह्यांचा काळ निश्चित ठाऊक आहे. म्हणून स्थालीपुलाकन्यायानें हा एक हंगाम आम्हीं परीक्षणास घेतला आहे. एक शीत चेपून पाहिलें म्हणजे सबंध भांड्याची परीक्षा होते.

(२)

प्रथम दोन्ही याद्यांचें स्वरूप पाहूं. हेल्म्स संस्था १९३६ सालीं स्थापन झाली. पॉल हेल्म्स हे लॉस अँजेलिसमधील पावाच्या एका मोठ्या कारखान्याचे मालक. त्यांचें द्रव्य व बिल श्रोडर ह्यांचा उत्साह ह्यांच्या संयोगानें ती उभी राहिली. १९४३ सालीं संस्थेनें १९२० पासूनच्या हंगामांचे अजिंक्य संघ मागाहून ठरवून जाहीर केले, आणि १९५७ सालीं तीच यादी आणखी मागें १९०१ पर्यंत नेली. निवड श्रोडर ह्यांची एकट्याची असे. पुढें ही यादी ज्या रूपानें पुस्तकांतून फिरत राहिली त्या रूपांत हंगाम, संघ आणि हारजितीचे आंकडे एवढेंच वाचकाच्या हातीं पडतें. अमुकच संघ कां, ह्याचें उत्तर तिच्यांत नाहीं.

नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें शब्दप्रमाण होय. शब्द प्रमाण मानण्यास वक्ता आप्त असावा लागतो, आणि आप्त म्हणजे तो विषय ज्यास यथार्थ विदित आहे असा मनुष्य. खेळाविषयीं श्रोडर ह्यांची आस्था निःसंशय मोठी होती. परंतु आस्था म्हणजे आप्तत्व नव्हे. अर्ध्या शतकापूर्वीं हजारों मैल दूर झालेल्या सामन्यांविषयीं त्यांच्या शब्दास वजन यावयाचें तें त्यांच्यासमोर असलेल्या कागदांपुरतेंच; आणि त्या कागदांचा हवाला यादीबरोबर आलेला नाहीं.

प्रेमो व पोरेट्टा ह्यांच्या कामाची जात निराळी. प्रेमो हे सेंट बोनाव्हेंचर विद्यापीठांत हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते, तर पोरेट्टा ह्यांचा व्यवसाय संगणकाचा. १८९५-९६ पासून १९४७-४८ पर्यंतच्या हंगामांचे निकाल जमवून त्यांवरून ह्या दोघांनीं संघांचा क्रम लाविला. हें अनुमानप्रमाण झालें. अनुमानास हेतु लागतो, आणि हेतु तपासून पाहतां येतो. एवढ्या कारणानें त्यांचें काम श्रोडर ह्यांच्या शब्दाहून वरच्या पायरीवर आहे. तथापि अनुमान व्याप्तीवर उभें राहतें. व्याप्तीच शिथिल असेल तर हेतु कितीही जमविले तरी निगमन डळमळीतच राहावयाचें. ही व्याप्ति १९०१ सालीं कितपत दृढ होती, तें पुढें पाहूं.

तत्पूर्वीं दोन्ही याद्या शेजारीं ठेवूं. १९०१ ते १९०९ ह्या नऊ हंगामांसाठीं हेल्म्स-यादींतील नांवें क्रमानें अशीं : येल, मिनेसोटा, येल, कोलंबिया, कोलंबिया, डार्टमथ, शिकागो, शिकागो, शिकागो. प्रेमो-पोरेट्टा ह्यांचीं : बकनेल, मिनेसोटा, मिनेसोटा, कोलंबिया, कोलंबिया, वॉबॅश, विल्यम्स, वॉबॅश, शिकागो. नऊ हंगामांपैकीं चारांत एकवाक्यता आहे, पांचांत विरोध. आणखी एक गंमत अशी कीं, प्रेमो-पोरेट्टा १८९७, १८९९ व १९०० ह्या तीन हंगामांत येलला पहिलें स्थान देतात आणि १९०१ सालीं तें काढून घेतात. हेल्म्स-यादी नेमकी त्याच १९०१ सालापासून, आणि येलच्याच नांवानें, सुरू होते. एकाच्या मतें जेथें येलची सद्दी संपली तेथें दुसऱ्याचा येलपासून प्रारंभ! एकाच मुलखाच्या दोन मोजण्यांत निम्म्याहून अधिक बांध जुळत नसतील, तर शहाणा मनुष्य मुलखास दोष देण्यापूर्वीं सांखळी तपासतो.

(३)

आतां १९०१ सालचा खेळ कसा होता तें ध्यानांत घेऊं. कारण आजचा खेळ डोळ्यांसमोर ठेवून त्या वेळचे आंकडे वाचले कीं फसगत झालीच.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकांसाठीं एक शाळा होती. तेथील तरुण शिक्षक जेम्स नेस्मिथ ह्यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत, हिंवाळ्यांत घरांत खेळतां यावा म्हणून, हा खेळ योजिला. वर्गांत १८ विद्यार्थी होते, म्हणून दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी झाले. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास १० फूट उंचीवर ठोकल्या आणि फुटबॉलचा चेंडू घेतला. १३ नियम लिहून ते भिंतीवर लाविले. १८९२ च्या १५ जानेवारीस ते शाळेच्या ‘ट्रँगल’ पत्रांत छापले गेले. वाय. एम. सी. ए. च्या शाखांतून खेळ इतक्या जलद पसरला कीं, दहा वर्षांच्या आंत तो देशभर कॉलेजांतून रुजला.

परंतु रुजला म्हणजे स्थिरावला असें नव्हे. गड्यांची संख्या पांच अशी नियमानें ठरली ती १८९७ च्या सुमारास. टोपलींत चेंडू गेला कीं २ गुण आणि दंडाच्या मोकळ्या फेकीचा १ गुण, हा हिशेब १९०१ सालीं रूढ होता. परंतु संघाच्या सर्व मोकळ्या फेकी नेमलेला एकच गडी टाकूं शके, व ही चाल १९२४ पर्यंत टिकली. प्रत्येक गोल झाल्यावर चेंडू पुन्हां मध्यभागीं उडवून खेळ सुरू होई. ती चाल १९३७ पर्यंत होती. खेळण्याच्या जागा म्हणजे जी व्यायामशाळा, जें सभागृह वा जी शस्त्रशाळा मिळेल ती. तिची लांबीरुंदी एका गांवीं एक तर दुसऱ्या गांवीं दुसरी. प्रतिपक्ष म्हणून नेहमीं कॉलेजच मिळे असेंही नाहीं. वाय. एम. सी. ए. चे संघ, व्यायाममंडळें, लष्करी तुकड्या, ह्यांच्याशीं कॉलेजांचे संघ सर्रास खेळत आणि ते निकाल हंगामाच्या बेरजेंत धरले जात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, देशभरच्या कॉलेजांच्या खेळांवर देखरेख ठेवणारी संस्थाच तेव्हां नव्हती. जी पुढें एन. सी. ए. ए. ह्या नांवानें प्रसिद्ध झाली तिचा जन्म १९०६ सालचा. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया व कॉर्नेल ह्या पूर्वेकडील पांच मातबर विद्यापीठांनीं आपसांत सामने लावण्यासाठीं जें मंडळ काढिलें, त्याचा पहिला हंगाम १९०१-०२ चा. म्हणजे आमच्या परीक्षणाधीन हंगामाच्या नंतरचा. सर्व देशांतील संघांची निवड करून एकमेकांशीं खेळविण्याची एन. सी. ए. ए. ची स्पर्धा प्रथम भरली ती १९३९ सालीं. तींत ओरेगॉननें ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. १९०१ मध्यें पद देणारा नव्हता, पदाचे नियम नव्हते, आणि पदासाठीं झुंजही नव्हती.

(४)

ह्या स्थितींत दोन्ही संघांचे आंकडे काय सांगतात? येलचे १४ सामने. १० जिंकले, ४ हरले. बकनेलचे १३ सामने. १२ जिंकले, १ हरला. पाटीवर मांडले तर बकनेल सरस, ह्यांत संशय नाहीं. मग येलचें नांव हेल्म्स-यादींत कसें बसलें, असें कोणी विचारील. त्यावर येलच्या बाजूनें असा युक्तिवाद होऊं शकतो कीं, जो संघ बळकट मंडळांशीं झुंजतो त्याच्या खातीं हार अधिक पडते, व जो दुबळ्यांशीं खेळतो त्याचें खातें स्वच्छ राहतें. युक्तिवाद खोटा नाहीं. परंतु तो दोन्हीकडे लागू पडतो, म्हणूनच निर्णायक नाहीं. अनैकान्तिक हेतु ज्यास म्हणतात तो हाच. हार अधिक असणें हें प्रबळ प्रतिपक्षाचें चिन्ह असूं शकतें, तसेंच स्वतःच्या दुर्बलतेचेंही असूं शकतें.

येथेंच अनुमानाची व्याप्ति ढिली पडते. अ नें ब ला हरविलें, ब नें क ला हरविलें, म्हणून अ हा क पेक्षां श्रेष्ठ, अशी सांखळी जोडीत जाणें हाच अशा क्रमाचा आधार. ही सांखळी टिकावयाची तर दुवे पुष्कळ हवेत, खेळ सर्वत्र सारखा हवा, आणि पूर्वेचे व पश्चिमेचे संघ वारंवार एकत्र यावयास हवेत. १९०१ सालीं रेल्वेचा प्रवास दिवसचे दिवस चाले. जो तो बहुधा आपल्याच टापूंत खेळे. त्यामुळें सांखळी जागोजागीं तुटते, आणि तुटलेल्या जागीं संशोधक आपल्या अंदाजाचा दोरा बांधतो. दोरा कितीही कुशलतेनें बांधला तरी त्यास सांखळीचा दुवा म्हणतां येत नाहीं.

एवढें बोलूनही प्रेमो व पोरेट्टा ह्यांच्या परिश्रमास आम्ही कमी लेखीत नाहीं. पन्नासांहून अधिक हंगामांचे विखुरलेले निकाल एका ठिकाणीं आणणें हें संग्राहकाचें काम आहे, आणि ज्यानें अशी जुळवाजुळव कधीं केली असेल त्यासच त्याची किंमत कळेल. आमचा आक्षेप त्यांच्या संग्रहास नाहीं. संग्रहाच्या शिरोभागीं ‘अजिंक्य’ हा शब्द बसविला जातो, त्यास आहे.

(५)

मागाहूनचा निवाडा आणि त्या वेळची घटना ह्यांची गांठ पडते तेव्हां काय होतें, ह्याचीं तीन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें १९०४ चें. त्या वर्षीं सेंट लुई येथें ऑलिंपिक सामने भरले. त्यांच्या जोडीनें जुलै महिन्यांत कॉलेजांच्या बास्केट-बॉलचीही एक स्पर्धा झाली. ओहायोंतील हायरम, इलिनॉयमधील व्हीटन आणि यूटा प्रांतांतील लॅटर डे सेंट्स हीं तीन विद्यालयें तींत उतरलीं. हायरमनें दोघांसही हरवून विजेतेपद घेतलें. हें पद त्याच वर्षीं, मैदानावर, खेळून मिळालेलें. दोन्ही याद्यांत मात्र १९०३-०४ च्या रकान्यांत कोलंबियाचें नांव आहे. कोलंबियानें त्या हंगामांत १८ पैकीं १७ सामने जिंकले होते. तो संघ अधिक बळकट असणें अगदीं संभवनीय आहे. पण तो सेंट लुईस गेलाच नाहीं. ज्यानें पद जिंकिलें त्याचें नांव यादींत नाहीं, आणि ज्याचें नांव यादींत आहे त्यानें तें पद खेळून मिळविलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण १९०५ चें. मिनेसोटा व विस्कॉन्सिन हे पश्चिमेकडचे दोन संघ कोलंबियाशीं भिडले आणि कोलंबियानें दोघांचाही पराभव केला. पूर्व-पश्चिमेची अशी प्रत्यक्ष गांठ पडल्यामुळें कोलंबियाच्या श्रेष्ठत्वास त्या वर्षीं खरा आधार आहे, आणि दोन्ही याद्या येथें एकमत आहेत हा योगायोग नव्हे. प्रत्यक्ष असेल तेथें शब्द व अनुमान दोन्ही त्याच्यामागून निमूट चालतात.

तिसरें १९०८ चें. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ह्यांनीं हंगामाच्या अखेरीस देशाच्या अजिंक्यपदासाठीं म्हणून दोन सामने खेळले. शिकागोनें दोन्ही जिंकले. तरीही प्रेमो-पोरेट्टा ह्यांच्या क्रमांत त्या वर्षीं इंडियानांतील वॉबॅश कॉलेज पहिलें आहे, कारण त्याचे २४ सामने होऊन एकही हार नाहीं. वॉबॅशचा पराक्रम खरोखर थोर. परंतु त्या दोन सामन्यांत तो संघ नव्हता. येथें अनुमान प्रत्यक्षास बाजूस सारून पुढें बसतें. हा प्रमाणांचा क्रमभंग आहे.

(६)

आतां मुद्द्याच्या गाभ्याशीं येतों. इतिहाससंशोधनांत मागाहून सत्य सांपडत नाहीं असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. महाराष्ट्रांतील उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ चा, असें बखरींच्या आधारें पुष्कळ काळ मानीत. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रकाशांत आणिली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हा दिवस निघाला, आणि वादास निराळें वळण लागलें. जन्म होऊन तीनशें वर्षें होत आलीं होतीं, तरी तारीख सांपडली. कारण जन्म ही घडलेली गोष्ट होती. ती कोणास ठाऊक असो वा नसो, तिची तारीख होतीच. संशोधनानें ती उत्पन्न केली नाहीं, उघड केली.

अजिंक्यपदाची गोष्ट तशी नाहीं. तें कोणींतरी द्यावें लागतें व कोणींतरी घ्यावें लागतें. राज्याभिषेक झाला नसेल तर तो कोणत्या दिवशीं झाला हें कोणतीही शकावली सांगणार नाहीं. आणि आज जर एखाद्या विद्वानानें गुणदोषांचा तौलनिक विचार करून एखाद्या पुरुषास मागील तारखेचा अभिषेक केला, तर त्यास आपण मत म्हणूं, वृत्त म्हणणार नाहीं. १९०१ सालीं अमेरिकेंतील कॉलेजांत अजिंक्य संघ नव्हता. ‘कोणता तें कळत नाहीं’ असें नव्हे, नव्हताच. हें अभावाचें ज्ञान आहे, आणि अभावाचें ज्ञान हेंही ज्ञानच. रिकामा रकाना हा सुद्धां लेख असतो. तो भरून टाकणारा मनुष्य त्या काळाविषयींची एक खरी माहिती पुसून टाकीत असतो.

पहिला सामना कोणता, हा वाद ह्याहून निराळा आहे, हें येथें सांगणें जरूर आहे. १८९५ च्या ९ फेब्रुवारीस मिनेसोटाच्या शेतकी शाळेनें हॅमलिन कॉलेजास ९-३ असें हरविलें. परंतु बाजूस नऊ गडी होते. १८९६ च्या १८ जानेवारीस आयोवा सिटी येथें शिकागोनें पांच पांच गड्यांचा सामना १५-१२ असा जिंकला. परंतु आयोवाचे गडी विद्यापीठाचे विद्यार्थी असले तरी वाय. एम. सी. ए. चा संघ म्हणून उतरले होते. १८९७ च्या २० मार्चला येलनें पेनसिल्व्हेनियास ३२-१० असें जिंकलें; तेव्हां गडी पांच व संघ दोन्ही कॉलेजांचे. तिन्ही सामन्यांस कोणी ना कोणी पहिला म्हणतो. हा वाद लक्षणाचा आहे. ‘कॉलेजांचा सामना’ ह्याचें लक्षण अतिव्याप्ति-अव्याप्ति टाळून एकदां ठरविलें कीं उत्तर आपोआप निघतें, कारण तिन्ही सामने खरोखर झालेले आहेत. अजिंक्यपदाच्या वादांत मात्र लक्षण कितीही घासून स्वच्छ केलें तरी लक्ष्यच जागेवर नाहीं.

(७)

पूर्वपक्षी म्हणेल, ह्यांत कोणाचें काय बिघडलें? विस्मृत झालेल्या संघांस कोणीं मान दिला, जुन्या खेळाडूंचीं नांवें पुन्हां उजेडांत आलीं, तर तें चांगलेंच झालें. ह्या बोलण्यांतील सद्भाव आम्हांस मान्य आहे. परंतु अशा मानांत एक अन्याय दडलेला असतो. स्मृति जागविण्यासाठीं पदाची गरज नाहीं. निकाल, गड्यांचीं नांवें व तारखा विश्वासानें छापल्या म्हणजे तें काम होतें. पद हें मात्र एकासच मिळतें. येलच्या माथीं तें ठेवलें कीं बकनेलचे बारा विजय सावलींत जातात. बकनेलला दिलें कीं येलची पाळी येते. दोघांचेही गडी कधींच कालवश झाले. मैदानावर ज्यांची गांठ ह्या पदासाठीं पडली नाहीं, त्यांस मरणोत्तर हरविण्याचा अधिकार कोणास आहे?

शिवाय निवाडा कागदावरच राहत नाहीं. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउस ह्या प्रसिद्ध क्रीडागृहांत १९२२ व १९२३ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदांचीं निशाणें लटकत असतात. हीं दोन्ही पदें हेल्म्स संस्थेनें १९४३ सालीं दिलेलीं. त्यांच्याच रांगेंत १९५२, १९८८, २००८ व २०२२ चीं, एन. सी. ए. ए. ची स्पर्धा खेळून जिंकलेलीं निशाणें आहेत. १९२३ सालीं प्रेमो-पोरेट्टा कॅन्ससला नव्हे तर लष्करी विद्यालयाच्या संघास पहिला मानतात. खालीं उभ्या असलेल्या प्रेक्षकास निशाणावरून एवढेंच कळतें कीं सहा वेळां पद मिळालें. कोणतें मैदानावर मिळालें व कोणतें वीस वर्षांनीं टपालानें आलें, हा भेद कापडावर दिसत नाहीं. मत असेंच वृत्तांत मिसळतें, आणि एकदां मिसळलें कीं पुढील पिढी त्यासच मूळ मानून चालते. ही अंधपरंपरा कोणाच्या लबाडीनें सुरू होत नाहीं; बहुधा ती अभिमानानें सुरू होते, म्हणून ती अधिक चिवट असते.

(८)

ह्या क्रीडागृहास लागूनच असलेल्या इमारतींत, म्हणजे २०१६ सालीं उघडलेल्या डिब्रूस केंद्रांत, नेस्मिथ ह्यांच्या मूळ नियमांचा कागद ठेवलेला आहे. नेस्मिथ १८९८ सालीं कॅन्सस येथें आले व पुढें तेथेंच राहिले, म्हणून त्या कागदाची जागा तेथें शोभते. टंकयंत्रावर उतरलेलीं दोन पृष्ठें. परंतु २०१० च्या १० डिसेंबरास न्यूयॉर्क येथील सदबीच्या लिलावांत त्यांस ४३ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. कागद विकत घेणारे डेव्हिड बूथ हे त्याच विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. आमच्या संग्राहक वाचकांस किंमतीचें नवल वाटेल, पण आम्हांस त्या कागदांतील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. १८९१ सालचा मजकूर टंकलिखित आहे; त्याच्या शेवटीं नेस्मिथ ह्यांनीं स्वतःच्या हातानें टीप व सही केली, ती मात्र जवळजवळ चाळीस वर्षांनीं. आणि त्या सहीपाशीं त्यांनीं तारीख घातली ती १८९१ ची नव्हे, तर २८ जून १९३१ ही सही करण्याच्या दिवसाची.

खेळाचा जनक, कागद त्याचाच, नियम त्याचेच. मागील तारीख घालण्याचा अधिकार जगांत कोणास असेल तर तो ह्या मनुष्यास होता. त्यानें तो वापरला नाहीं. त्यामुळें आज त्या दोन पृष्ठांतील दोन थर कोणासही वेगळे ओळखतां येतात : एक घटनेच्या काळचा, एक आठवणीच्या काळचा. दोन्ही मौल्यवान, दोन्ही अस्सल, आणि एकाचा दुसऱ्यावर बोजा नाहीं.

ह्यावरून जो नियम निघतो तो बास्केट-बॉलच्या इतिहासकारांस व आमच्या दप्तरें राखणाऱ्यांस सारखाच लागू आहे. नोंदीस तीन रकाने असावेत. पहिल्यांत काय घडलें तें. दुसऱ्यांत त्या काळच्या लोकांनीं त्यास काय म्हटलें तें. तिसऱ्यांत मागाहून कोणीं, कोणत्या सालीं, काय ठरविलें तें, ठरविणाऱ्याच्या नांवासह. १९००-०१ च्या हंगामाची नोंद ह्या रीतीनें अशी होईल : येल, जिंकले १०, हरले ४, बकनेल, जिंकले १२, हरला १, देशाचें अजिंक्यपद नव्हतें, १९५७ सालीं हेल्म्स संस्थेच्या श्रोडर ह्यांनीं येलला व २००९ सालच्या कोशांत प्रेमो आणि पोरेट्टा ह्यांनीं बकनेलला श्रेष्ठ मानिलें. एवढ्या ओळींत कोणाचाही मान जात नाहीं, कोणाचेही श्रम वायां जात नाहींत, आणि वाचक फसत नाहीं.

अनामिक पत्रास नांव देतांना, तारीख नसलेल्या यादीवर शक घालतांना, फाटक्या पोथीच्या वेष्टनावर कर्त्याचें नांव लिहितांना, आपल्या अक्षराखालीं आपली सही व आजची मिती घालावी. मजकूर जुना असला तरी टीप नवीच असते, आणि ती नवी दिसली पाहिजे.